इतर हक्क

बासष्टाव्या वर्षी मी पूरिया धनाश्री शिकायला लागलो.
नेरूळला, झेरॉक्सच्या दुकानावर पहिला मजला.
खाली यंत्र आधारकार्डांच्या प्रती काढतं,
वर आम्ही सहा जण निषाद शोधतो.
हेमांगी मॅडम माझ्या धाकटीहून लहान,
पण चष्म्यावरून बघतात तेव्हा
मला माझे तहसीलदार आठवतात.

छत्तीस वर्षं भूसंपादनात कारकून होतो.
नावं उतरवणं हे माझं काम.
बंदिशीतही मी आधी नाव बघतो,
अंतऱ्यात, सहीसारखं, बांधणाऱ्याचं.

'दियरा धरो री, साँझ भई.'
अस्ताई सरळ. पुढे 'कहे रसदास, सुन मोरी आली',
आणि दर वेळी रसदासपाशी
सम हातातून सुटायची, चिंबोरी सुटावी तशी.
तबल्यावरचा नौशाद हसायचा, "काका, आज पण?"
"रियाज कमी," मॅडम म्हणायच्या.
मी घरी बोटांवर मोजलं.
पाच मात्रांचा माणूस
चार मात्रांच्या खोलीत घुसवलेला होता.

सांगितलं. मॅडम गप्प.
मग कपाटातून त्यांच्या गुरुजींची वही काढली,
वाळवीनं कडा खाल्लेली.
त्या ओळीवर खोडाखोड, वर ठसठशीत 'रसदास'.
पान ट्यूबलाइटसमोर धरलं.
खाली, टाकाच्या दाबानं उरलेली: चंपा.

"मिरजेकडची कुणी. नायकीण."
आवाज खाली आणून, जणू बाहेर पालक बसलेत.
"गुरुजींचे गुरुजी तिच्याकडे शिकायचे.
मागच्या जिन्यानं, अंधार पडल्यावर.
तिच्या घरचं पाणी घ्यायचे नाहीत."
बंदिश घेतली, मी म्हटलं.
"दरबारात गायची तर ते नाव कसं ठेवणार?"
पुढे काय झालं तिचं?
"तेवढं वहीत नाही."

हे मला ओळखीचं होतं.
सातबाऱ्यावर एक रकाना असतो, इतर हक्क.
बहिणी, विधवा तिथं बारीक अक्षरात बसतात.
एक दिवस हक्कसोड होते, नावाला कंस पडतो.
कंसातलं नाव गेलं असं समजायचं.

बायजाआत्या आमची धवलारीण.
अर्ध्या खाडीकाठाची लग्नं तिच्या गळ्यानं लागली.
संपादनाचा पैसा यायचा होता
तेव्हा बाबांनी तिला कचेरीत आणलं.
"भावाशी काय भांडू?" म्हणाली, अंगठा पुढे केला.
शाईचं पॅड माझं होतं.
कंस मी घातला. दोन्ही बाजूंनी, गोल, सुबक.
माझ्या अक्षराचं तेव्हा कौतुक होतं.

गुरुपौर्णिमेला वाशीत, शाळेच्या हॉलमध्ये, माझी पाळी.
'कहे चंपा' म्हटलं आणि सम आली,
अंधारात पायाखाली ओळखीची पायरी यावी तशी.
नौशादनं मान वर केली.
पहिल्या रांगेतल्या गुरुबंधूंनी घड्याळ बघितलं.
मॅडमनी कुणाकडेच बघितलं नाही.
दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा वरून विमान गेलं,
नाव निम्मं बुडालं.
मी तिसऱ्यांदा म्हटलं.

फेरफाराची नोंद तशीच आहे.
अपिलाची मुदत किती, हे नव्या पोरांना
मीच शिकवायचो.

परतताना रिक्षात मॅडमनी विचारलं,
आत्या काय गायची, आठवतं?
पहिली ओळ आली. दुसरीत
हळदीचं, तेलाचं काहीतरी, पुढे नुसतं हूं हूं.
त्या गुडघ्यावर बोटानं सूर शोधत होत्या.
मग कार्यक्रमपत्रिका उलटी करून पेन काढलं.
"पूर्ण नाव सांगा."
नोंदीतलं पाठ होतं: बायजा कोम हाशा.
"कोम नको," म्हणाल्या, "नुसतं बायजा लिहिते."

सवयीनं मी मोजलं.
पाच मात्रा.
रसदासएवढ्याच.