रकाना क्रमांक नऊ

परळच्या वॉर्ड ऑफिसात, मृत्यूनोंदणीच्या खिडकीत
अकरा वर्षं मी एकच प्रश्न विचारते आहे:
मयताशी नातं काय?
मुलगा. सून. पुतण्या.
लोक चटकन सांगतात, मी चटकन लिहिते.

एस्तेर पेणकर थांबल्या.
हातात भोईवाड्याच्या दाहिनीची पावती, चार घड्या घातलेली.
मयत: गुणवंती रेडकर, वय बहात्तर, केईएममध्ये, पहाटे.
"आम्ही दोघी भायखळ्याला खाणावळ चालवायचो. एकतीस वर्षं.
मासे तिचे, भाकऱ्या माझ्या.
शनिवारी मी विस्तवाला हात लावत नाही,
म्हणून शनिवारची चूल तिची."
म्हणजे नातं?
"तेच तर."

ठाकूरद्वारला घड्याळजीच्या दुकानावरच्या माडीवर
मी एके काळी न्याय शिकायला जायचे.
आठल्येशास्त्री खांद्यावरच्या पंचाचं टोक पुढे करत:
"पंचात सूत, की सुतात पंचा?"
आम्ही हसायचो. ते हसत नसत.
"सुतात पंचा. सुतावाचून तो क्षणभर राहून दाखवू दे. हा समवाय.
आणि टेबलावर डस्टर, हा संयोग.
वेगळे होते, भेटले, सुटतील."
खालून वीस घड्याळं वीस वेगवेगळ्या वेळा वाजवायची.

एस्तेरबाई, कायद्याला तुम्ही संयोगच दिसता,
एका पागडीच्या खोलीत टेकून ठेवलेली दोन लाकडं.
पण डस्टर उचलला तर टेबल होतं तसंच राहतं,
आणि तुम्ही तर
काउंटरची कड धरून उभ्या आहात.

"धूर दिसलाच नाही हो. गॅसवर केलं.
मी चिमणीकडे बघत बसले,
वाटलं, अजून सुरूच झालं नाही."

धूर तिथे अग्नी, हे पहिल्याच आठवड्यात झालं होतं.
उलटं धरू नका, शास्त्री बजावत,
अग्नी असेल आणि धूर नसेल;
लोखंडाचा तापलेला गोळा बघा.
तेव्हा कुठे बघायला मिळाला?
आज बघितला. खिडकीपलीकडे,
इस्त्रीच्या सुती साडीत, डोळे कोरडे.

शेवटचं प्रकरण अभावाचं होतं.
जमिनीवर घडा नाही, तर ते 'नाही'सुद्धा तिथे असतं.
घडा कधी पाहिलाच नाही
त्याला नुसती जमीन दिसते.
मी विचारलं होतं, मग त्या 'नाही'चं जमिनीशी नातं कुठलं?
टेकलंय? विणलंय?
शास्त्री बराच वेळ खडू बोटांत फिरवत राहिले.
"मध्ये तिसरं काही घालू नकोस.
घातलंस की त्याचं नातं विचारशील,
मग त्या नात्याचं; रात्र पुरणार नाही.
जमीन हेच नातं."

म्हणून मी नवव्या रकान्यात टाइप केलं:
एस्तेर पेणकर.
संगणकाने लाल चौकट दाखवली.
अर्जदाराचं नाव नात्यात चालत नाही.
मी पुसलं. यादी उघडली,
सगळ्यात खाली गेले. इतर.

तीन प्रती, सही इथे, इथे, आणि मागे.
खाणावळीच्या लायसन्सवरचं नाव?
ते इथे नाही, ई वॉर्डात.
"बरं. आज शुक्रवार, ऊन उतरायच्या आत
घरी पोचायला हवं,"
त्या म्हणाल्या, आणि दाखल्याच्याही चार घड्या घातल्या.

उद्या शनिवार.

पुढचे कोण?