कोरी जागा

महालातलं माझं दुकान, बारा बाय आठ.
संविधान चौकातले मोर्चे इथून रंगून जातात.
'चा जाहीर निषेध' मी आधीच लिहून ठेवतो,
पुढं देशाच्या नावापुरती जागा सोडून.

यंदा एकच नाव सात वेळा लिहिलं.
त्याच्या शेजारच्या देशाचं एकदाही नाही.
पोरं तिथंही मरतात,
पेपरात होतं, आतल्या पानावर.
परातेसरांना विचारलं, तर म्हणाले,
"गुणवंतराव, तेल तिथून येते ना बाप्पा!"
मी हसलो. ब्रश रॉकेलात बुडवला.

गेल्या मंगळवारी भांडेवाडीहून उईकेबाई आल्या.
पोराला ठाण्यात दोन रात्री ठेवलं होतं.
पिशवीतून फोटो काढला, फक्त तळव्यांचा.
"एक बोर्ड पायजे. लहानच. कितीले पडन?"

उंबऱ्याशी त्याच ठाण्याची पाटी वाळत होती.
सद्रक्षणाय झालं होतं,
खलनिग्रहणाय अर्धं,
आणि बिल तर पूर्णच बाकी.

"रंग संपला," मी म्हटलं.

बाईंनी ओली पाटी वाचली,
एकेक अक्षर जुळवत, सावकाश.
मग फोटो पिशवीत ठेवून
ऑटोचे पैसे मोजत गेल्या.

रात्री शटर अर्धं ओढून
कोऱ्या जागेत ठाण्याचं नाव
खडूनं आखून पाहिलं.
बसतं.