पाण्याचं भिंग

स्वॉनेजच्या जुन्या धक्क्यामागे माझं दुकान.
दुकान म्हणजे एक टेबल, एक दिवा
आणि गोड्या पाण्याची बादली.
बुड्या मारणारे इथे कॅमेरे आणतात,
अजून रीळ घालणारे चारदोन उरलेत, तेवढेच.

सोमवारी मिसेस स्टिकलंड आल्या, हिलरी.
पिशवीतून काढला तो विटेएवढा जड,
कोपऱ्यांवरचा रंग उडालेला, रबर चिकट झालेलं.
"डेनिसचा. एकोणनव्वदपासून कपाटात.
आकडा एकतिसावर थांबलाय."

पट्ट्याच्या कड्यांनीच आतला डबा उचकटला.
ओ-रिंगवर ग्रीस अजून ओलं,
वाळूचा कण नाही, केस नाही.
माणूस टापटीप होता म्हणायचा.
एक केस पुरतो हो, अख्खा समुद्र आत यायला.

हात कामात असले की माझं तोंड सुटतं.
सांगत बसलो त्यांना:
पाण्याखाली सगळं पाऊण अंतरावर दिसतं,
चार फुटांवरचा खेकडा तीन फुटांवर.
पण भिंगही तेवढंच फसतं,
म्हणून डोळ्याला वाटेल तोच आकडा लावायचा.
फसगत एकच असली की चित्र नेमकं येतं.
त्या म्हणाल्या,
"आमचं लग्न सव्वीस वर्षं टिकलं."

रीळ कृष्णधवल, म्हणून वाचलं.
धुतलं, चिमटे लावून वाळवलं, गुरुवारी छापलं.
धक्क्याचे खांब. त्यांना लोंबणारं शेवाळ.
भुवया उंचावून बघणारा एक मासा,
तोच मासा, त्याची शेपटी,
डेनिसचा अंगठा, दोनदा.

एकतिसावा पाण्याबाहेरचा.
कठडा, आणि मधोमध
ताकात विरघळल्यासारखी एक बाई.
मी म्हटलं, हा बिघडलाय, माफ करा,
हे भिंग पाण्यातच नीट बघतं,
कोरड्या हवेत त्याला काही सुचत नाही.

त्यांनी तो दिव्याखाली धरला.
बराच वेळ.
"माझा पिवळा रेनकोट," म्हणाल्या.
मला राखाडी दिसत होता.
"वर आला की मास्क काढायचा,
डोळे मिठानं लालभडक,
आणि मी कुठे उभी आहे ते शोधत राहायचा.
अशीच दिसत असणार मी त्याला."

पैसे विचारले. बारा पौंड म्हणालो, मग दहा.
पुढच्या पाच चौकटी कोऱ्या होत्या,
तो विषय दोघांनीही काढला नाही.

कॅमेरा टेबलावरच राहिला.
सवयीनं उचलून बादलीत बुडवायला गेलो,
मग आठवलं,
त्यावर मीठ नव्हतंच.