पाठराखीण

गाडी जपानातून आली, कुणाची तरी वापरून झालेली.
चाक उजव्या अंगाला.
आमच्याकडे रस्ताही उजव्याच अंगाने चालतो,
म्हणून पुढच्या ट्रकला मागे टाकायचं तर
तोक्तोसून आधी डावीकडे कलतो,
शेजारच्या प्रवाशाच्या मांडीवर पडेल इतका,
समोरून कोणी येत नाही ना बघतो, मग पाय दाबतो.
ओशपासून बिश्केकपर्यंत बारा तास.
किती वेळा कलला, मोजलं नाही कोणी.
मोजलं त्याच्या माकडहाडाने.

सीटमध्ये खड्डा,
आधीच्या मालकाच्या बुडाचा.
जाड होता की बारीक, कोण जाणे.
माझा नवरा अकरा वर्षं
त्या परक्या माणसाच्या आकारात बसतोय.

घरी येतो तेव्हा उतरत नाही, उलगडतो.
आधी एक पाय. मग दार धरून दुसरा.
मग जर्दाळूखाली तसाच वाकलेला काही वेळ,
जणू काही हरवलंय आणि तो शोधतोय.

मेंढीची चरबी चोळून झाली.
मिठाच्या गरम पुरचुंड्या झाल्या.
नातवाला पाठीवर चालवलं, त्याने वर उड्याही मारल्या.
बाजारातून लाकडी मण्यांचं आसन आणलं,
ते तू-आशूच्या बोगद्यात तुटलं,
मणी गडगडत पायाशी.
एखादा ब्रेकखाली गेला असता तर
हे मी सांगत बसले नसते.

दवाखान्यातली ती पोर, चोल्पोन,
पाठीला हात न लावता म्हणाली,
पाकीट कुठे ठेवता?
मागच्या खिशात.
लायसन्स, उधारीच्या चिठ्ठ्या, धाकटीचा फोटो,
एवढी जाड वीट एका कुल्ल्याखाली घालून
अकरा वर्षं डोंगर चढताय, काका?
एका बाजूला उंच जोत्यावर
तंबूचा खांब तरी सरळ उभा राहील का?

सीट पुढे घ्या म्हणाली.
कंबरेच्या खळग्यात काहीतरी भरा.
आणि दर तासाला उतरा.
तो हसला. प्रवासी मारतील मला.

मला सासरे आठवले.
ऐंशीव्या वर्षापर्यंत खोगिरावर, ताठ.
घोड्यावर कोणी रेलत नाही.
आणि घोडं दमतं, म्हणून माणूस उतरतो.
होंडा दमत नाही, हाच तिचा दोष.

लग्नात माझ्यासोबत वहिनी आली होती पाठराखीण.
तीन दिवस राहिली, रडली, परत गेली.
आईने दिलेला नमदा राहिला,
लाल, कडेला मेंढ्याची शिंगं.
त्याचाच एक कोपरा कापला.
कापताना हात थांबला, खोटं का बोलू.
मनगटाएवढी गुंडाळी केली, दोरीने बांधली,
आणि त्याच्या पाठीमागे बसवली.
जा, म्हटलं, तूही सासरी.

पहिल्या खेपेला सगळे कुरकुरले.
सरोवराजवळ, मधवाल्यांच्या रांगेपाशी गाडी उभी,
आणि ड्रायव्हर कंबरेवर हात ठेवून आभाळाकडे बघतोय.
मग मागच्या सीटवरची एक म्हातारी उतरली.
तिलाही कंबर होती.
मग एक शिपाई, मग एक विद्यार्थी.
आता म्हणे सगळेच उतरतात,
रस्त्याकडेला ओळीने मागे वाकतात,
आणि मधवाल्यांचा धंदा वाढलाय.

दुखणं गेलं का?
नाही. थंडीत येतं.
पण पूर्वीसारखं पाय पसरून बसत नाही.

सासूबाईंची दोन बाळं गेली होती.
तिसऱ्याचं नाव त्यांनी तोक्तोसून ठेवलं.
थांबो, म्हणजे. हा तरी राहो.
आयुष्यभर आम्ही त्याला या नावाने हाका मारल्या,
आणि तो पळत राहिला.

काल दुपारी सरोवरावरून फोन.
माझ्या छातीत धस्स झालं.
काय झालं?
काही नाही, म्हणाला,
थांबलोय.