उजव्या बुटाची बाहेरची कड

खडकी बाजारात, पिठाच्या गिरणीच्या भिंतीला टेकून
माझी पेटी. बापानं इथंच पलटणीचे बूट शिवले.
चेहरे माझ्या फार लक्षात राहत नाहीत.
तळ राहतात.

तेर्सू पहिल्यांदा आला तो
तोंड वासलेला बूट पुढं धरून : "भैया, कल मॅच."
साडेअकरा नंबर. एवढा फर्मा माझ्याकडं कुठला!
घरचा वरवंटा आणून त्यावर चढवला नि ठोकला.

बसल्या बसल्या सांगत होता, हिंदी थोडी, हात जास्त :
मकुर्डी गाव, बेन्वे नदी,
एकोणिसाव्या वर्षी एजंटानं काढलेलं तिकीट,
कोलकात्यात तीन महिने चाचणीच चाचणी,
मग गोवा, एक हंगाम, अकरा गोल,
मग मालकानं क्लबच विकला, म्हैस विकावी तसा,
मग पुणे.
"आईला वाटतं, मी रोज टीव्हीवर असतो."
मी म्हटलं, माझ्या आईला वाटायचं, मला दुकान आहे.
इतका हसला, की गिरणीवाला पीठभरल्या भुवयांनी बाहेर आला.

थंडीत नसीमा बागवानच्या पाटीत कोनफळ दिसलं
तर हा भर रस्त्यात ओरडला,
हरवलेला भाऊ दिसावा तसा.
आख्खी पाटी घेतली. उकडून, माझ्याच घरच्या मुसळानं
घाम निथळेस्तोवर कांडलं.
सोजरनं चव घेतली. म्हणाली,
सगळं बरं आहे, मीठ विसरला.

तिसऱ्या वर्षी
उजवा बूट हातात घेतला आणि थांबलो.
बाहेरच्या कडेचे खिळे निम्मे झिजलेले. डावा ठणठणीत.
माणूस गुडघा राखून पळायला लागला
की तळ असा बोलतो.
बाप अशा बुटाकडं बघून सांगायचा :
हा शिपाई महिन्याभरात रजेवर.

मी मान वर केली.
मला कळलंय, हे त्याला कळलं.
"शनिवारी नवीन कोच बघणार आहे," तो म्हणाला,
"आत काहीतरी टाक. लंगडणं दिसलं नाही पाहिजे."

टाकलं.
दोन सूत जाड चामडं, आतून बाहेरच्या कडेला चढत गेलेलं,
वर अस्तर, मेणाचा दोरा.
इतकं बेमालूम काम
मी नवरदेवाच्या जोड्यातही केलेलं नाही.

सरळ पळाला. दोन वर्षांचा करार झाला.
पेढे घेऊन आला, आणि मी खाल्ले.

सातव्या सामन्यात गुडघा गेला.
हेडर घ्यायला उडाला, खाली आला, उठलाच नाही.
लोक म्हणाले, जवळपास कोणी नव्हतं त्याच्या,
धक्का ना बिक्का.
मी होतो.
दोन सूत जाडीचा.

क्लबनं ऑपरेशनचे अर्धे पैसे दिले,
अर्ध्यांचं पत्र दिलं.
मग व्हिसाच्या रांगा,
मग केरळात सात-सात जणांचा खेळ,
भाताच्या खाचरात उभे केलेले दिवे,
पट्टी आवळून, सामन्यागणिक रोख.
दोन वर्षं त्याचा बूट माझ्याकडं नव्हता.
मी मात्र येणारा-जाणारा प्रत्येक उजवा पाय बघत बसलेलो.

आता पिंपळे गुरवला, टर्फवर, पोरांना शिकवतो.
मराठी आलीय. शिव्या आधी, बाकी मागनं.

काल खांद्यावर गोणी घेऊन आला, माझ्यापुढं ओतली.
एकवीस जोड. इवले इवले, प्रत्येकाला नावाची चिठ्ठी.
"शिवायचे नाहीत," म्हणाला, "बघायचे.
कुणाचा तळ कुठं झिजतो, सांग."
आणि वही उघडून, उजवा पाय लांब सोडून,
ओट्यावर बसला.

चामड्याबद्दल तो बोलला नाही.
मीही नाही.

पहिला जोड बरा. दुसरा बरा.
तिसरा वेदश्री पाटोळे, इयत्ता पाचवी.
अंगठा कडेवरून फिरवला, पुन्हा फिरवला.
"हिला..." म्हटलं, आणि आवाज अडला.
तो पेन धरून थांबला, घाई केली नाही.
"हिला रविवारी खेळवू नकोस."

त्यानं लिहिलं. खाली रेघ मारली.
गिरणीचा पट्टा बंद झाला होता.
अठरा जोड राहिले होते,
आणि उजेड जेमतेम.