वाटाण्याचा गुरुवार

गुरुवारी आमच्याकडे वाटाण्याचं सूप असतं,
वर पिवळ्याजर्द मोहरीच्या वाटणाची रेघ.
आमच्याकडे म्हणजे घरात, शाळेत, बराकीत, तुरुंगात,
साऱ्या फिनलंडात.
का, ते कुणी विचारत नाही.
आम्ही तसंही फारसं काही विचारत नाही.

त्या गुरुवारी मी दोन वाडगे खाल्ले
आणि टाउनोबरोबर खाणीत उतरले.

खाण चुनखडीची. बंद पडली, पाण्याने भरली.
आता तिथे माझ्यासारख्या निवृत्त बायका
पाठीवर टाक्या बांधून
बुडालेले रूळ बघायला जातात.
पाणी चार अंश. म्हणून कोरडा सूट:
तळपायापासून गळ्यापर्यंत एक रबरी पिशवी,
मनगटाला घट्ट, मानेला घट्ट.
बाहेरचं पाणी आत येत नाही
आणि (हे प्रशिक्षणात सांगत नाहीत)
आतलं काही बाहेर जात नाही.

वीस मीटरवर, गंजलेल्या वाघिणीपाशी
पोटाने दार ठोठावलं.

एकतीस वर्षं मी टपाल कचेरीत काचेमागे बसले.
एकतीस वर्षं आवरलं.
पेन्शनचा दिवस, नाताळची पार्सलं,
कौव्होलाहून आलेला तो उंच तपासनीस,
आवरलं.
अगदीच गळ्याशी आलं
तर शिक्का जोरात मारायचे.
लोक म्हणायचे, काय कामाचा झपाटा!

इथे काच नाही, रांग नाही.
काळोख, मी, आणि एक स्थितप्रज्ञ मासा.
सोडला.

आवाज झाला असेल, नसेल,
माझ्याच श्वासाची घरघर एवढी मोठी.
पण ऊब!
मांड्यांपासून कमरेपर्यंत
कुणी झोपेत पांघरूण सारखं करावं तशी.
चार अंशांत बाईला ऊब कुठूनही चालते.

टाउनोने टॉर्च वळवला.
अंगठा-तर्जनीचं गोल: ठीक?
मी गोल केलं: ठीक.
पाण्याखालच्या खुणांमध्ये
'हवा संपत आली' आहे, 'कान दुखतोय' आहे.
'हवा जास्त झालीय' याला खूण नाही.

मग वर निघालो, तेव्हा आठवला
शाळेत डुलक्या घेत ऐकलेला नियम:
दाब उतरतो तसा वायू फुगतो.
वीस मीटरवरची ठुसकी
पृष्ठभागावर येईतो तिप्पट.

पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं.
आम्ही थांबलो. ती थांबली नाही.
कमरेवरून पोटावर, पोटावरून छातीवर,
चादरीत शिरलेल्या उंदरासारखी.
खांद्यावरच्या झडपेतून वाट द्यावी म्हणून
मी डावा हात उचलला, कोर्टात उचलतात तसा,
आणि सत्य, केवळ सत्य
बुडबुड्यांची माळ होऊन वर गेलं.

संपूर्ण सत्य नव्हे.
थोडं मानेखाली दबा धरून बसलं.
आता खरोखरच गळ्याशी आलं होतं.

काठावरच्या लाकडी खोलीत शेकोटी होती.
कोरड्या सुटाची चेन पाठीवर असते,
या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत.
आपली आपल्याला उघडता येत नाही.
लग्न म्हणतात ते बहुधा यालाच.
टाउनो मागे आला, वाकला,
एका हाताने कापड ताणलं,
दुसऱ्याने चेन ओढली. अर्धी.

हात थांबला.

मी मागे बघितलं नाही.
शेकोटीत एक ओंडका तडकला.
बाकावरचा इल्पो, आमच्यातला वाचाळ
(तासाला दोन वाक्यं),
स्वतःच्या बुटांच्या नाड्या मोजू लागला.
पादऱ्याला पावट्याचं निमित्त, हे ठाऊक असूनही
मी तोंड उघडलं,
वाटाण्यांवर सगळं ढकलणार,

तोच टाउनो म्हणाला,
"केर्टू, मोहरी कमी पडली."

आणि उरलेली चेन उघडली.