आगाऊ जमा

पहिली मनीऑर्डर आली तेव्हा नावापुढं कॅप्टन होतं.
मानसिंग इंगवले, छप्पन एपीओ.
गाव नाही, डोंगर नाही, नुसता आकडा.
खालच्या चिठोऱ्यावर एक ओळ:
‘गोदाक्काचं दूध चालू ठेव. अर्धा शेर.’

गोदाक्काचा बंडू त्याच्या कंपनीत होता.
होता,
एवढंच कळलं आम्हाला.

टेंबलाईच्या चढावर पहाटे दोघं पळायचो, मी आणि मानसिंग.
मला छातीनं अर्ध्या इंचाला मारलं,
मी गंगावेशीत म्हशी पिळत राहिलो.

मग मेजर. मग कर्नल, ब्रिगेडियर.
शेराचा लिटर झाला, तशी रक्कम वाढली न मागता.
माझ्या दावणीला म्हशीच्या किती पिढ्या सरल्या.
पुढं पुढं फॉर्म कारकुनाच्या अक्षरात यायचा,
ती एक ओळ तेवढी त्याची,
वेलांटी तशीच वाकडी.
जनरल झाला तेव्हा पेपरात फोटो आला.
त्या महिन्यातही ओळ तीच.

काल रात्री कट्ट्यावर आला, रांगेत उभा राहिला.
कोल्हापुरी पायताण कोरं, चावत असणार.
समोर धार काढली, पेला दिला.
फेस मिशीला.
म्हटलं, अक्का गेली माघात.
मनीऑर्डर परत धाडायला हात होईना,
चार महिन्यांचे जमा आहेत तुझे.

पेल्यात बघत राहिला बराच वेळ.
मग म्हणाला,
‘किती पेले होतील रं?’

पोरानं विचारलं, कोण हो ते?
म्हशीची पाठ थोपटत म्हणालो,
जुनं गिऱ्हाईक.
रोज येईल आता.